देवळातली ती बोटभर फट बुजवू नका

प्रति,
महादेव मंदिर जीर्णोद्धार समिती आणि समस्त ग्रामस्थ यांस

सप्रेम नमस्कार.

तात्या, आबा, अण्णा आणि समितीतल्या सगळ्या दादा-वहिनींनो, वर्गणीचा निरोप पोचला. माहेरवाशिणींनी प्रत्येकी पाच हजार द्यावेत, त्यांची नावे फलकावर कोरली जातील आणि कळस चढेल त्या दिवशी साऱ्या लेकींना चोळी-बांगडी केली जाईल, हे वाचून डोळ्यांत पाणी आले. लग्न होऊन सातारला आले त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांनीही गाव लेकीला हक्काने पैसे मागते, याचे सुख मोठे आहे. पैसे मी देणार आहे. पण निरोपासोबत कामाचे जे अंदाजपत्रक आले, ते मी तीनदा वाचले आणि दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. गावाचे नाव लिहीत नाही. आपल्याच वाटेने निघालेली आणखी गावे जिल्ह्यात आहेत, त्यांनीही वाचावे.

अंदाजपत्रकातला चौथा मुद्दा असा आहे: 'सर्व दगडी सांधे व फटी सिमेंट ग्राउटिंगने भरून घेणे.' मी तिथेच थांबले. सभामंडपात शिरले की डावीकडचा दुसरा खांब. त्याच्या माथ्यावरची तुळई आणि शेजारची तुळई यांच्यामध्ये एक फट आहे. मोठ्या माणसाचे बोट जेमतेम जाईल एवढी. लहानपणी आम्ही पोरे एकमेकांच्या खांद्यावर चढून तिच्यात बेलाची पाने खोचायचो आणि गुरवकाका ओरडायचे. ही फट मूळच्या पाथरवटाने ठेवलेली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती पडली, कोयनेच्या भूकंपात.

माझे वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते. आपल्या आळीतली मातीची घरे त्या पहाटे बसली, आमच्या माजघराची भिंत गोठ्यात कोसळली आणि आजीने पोरांना अंगणात ओढून काढले, हे ते शेवटपर्यंत सांगत. उजाडल्यावर माणसे पहिल्यांदा देवळाकडे धावली. शिखराच्या विटा खाली आल्या होत्या, दीपमाळेचे वरचे दोन दगड निखळले होते. पण मंडप उभा होता. एक तुळई खांबावरून बोटभर सरकली होती आणि तिथेच थांबली होती. त्याला आता अठ्ठावन्न वर्षे होऊन गेली. ती अजून तिथेच आहे.

मी पंचवीस वर्षे बांधकामावर काढली. सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर उभी राहिले तेव्हा बाई म्हणून कुणी ओळंबाही हातात देत नव्हते. त्यामुळे सिमेंटशी माझे वैर आहे, असे कुणी समजू नये. सिमेंटने माझे घर चालवले. पण आपले देऊळ सिमेंटच्या रीतीने बांधलेले नाही आणि ते कशाच्या जोरावर उभे आहे हे समजल्याशिवाय त्याला कुणी हात लावू नये, एवढेच माझे मागणे आहे.

ते कसे उभे आहे, ते सांगते. त्या मंडपात चुना नाही, शिसे नाही, माती नाही. काळ्या कातळाचे दगड घडवून एकावर एक कोरडे ठेवले आहेत. कुठे एकाला खाच आणि दुसऱ्याला खुंटी करून ते गुंतवले आहेत, बाकी सगळे काम वजनाचे. खांबावर चारी बाजूंना हात काढलेला दगड, त्यावर तुळया, तुळयांच्या चौकटीवर कोपरे कापत जाणारे तिरपे दगड. चौकोनाचा लहान चौकोन होतो, तो फिरून आणखी लहान होतो आणि शेवटी मधले भोक कमळ कोरलेल्या एका शिळेने झाकले जाते. यात कमान नाही. कमानीचा जोर बाजूला जातो आणि भिंतींना ढकलतो. इथे सगळे वजन सरळ खाली येते, खांबातून जोत्यात आणि जोत्यातून जमिनीत. जमीन हलली तेव्हा दगड एकमेकांवर घासले, थोडे सरकले, त्या घासण्यात धक्क्याचा जोर जिरला आणि दगड पुन्हा बसले. त्या तुळईला सरकायला वाव होता म्हणून ती तुटली नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या फटीत सिमेंट भरले की दोन तुळया एक होतील. पुढच्या धक्क्याला त्यांना सरकता येणार नाही, मग कडा उडतील किंवा तुळई मधोमध चिरेल. आणि आपला जिल्हा कोयनेचा आहे. पुढचा धक्का येणारच नाही, असे आपल्यापैकी कोण छातीठोकपणे सांगेल?

आता वयाबद्दल. कमानीजवळच्या नव्या फलकावर 'पांडवकालीन हेमाडपंथी मंदिर, पाच हजार वर्षांपूर्वीचे' असे लिहिले आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, ही गोष्ट मीही आजीच्या मांडीवर ऐकली आहे आणि ती सांगत राहावी. फलकावर मात्र खरे असावे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. अंबरनाथच्या शिवमंदिरावरचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी ही बांधणी पूर्ण भरात होती. त्याचे नाव पुढे सगळ्याच कोरड्या सांध्याच्या देवळांना चिकटले. बोलताना आपण हेमाडपंती म्हणतो, म्हणावे. पण आपले देऊळ त्याने बांधले, असे त्यातून निघत नाही.

आपल्या खांबांची घडण बघा. खाली चौरस, मग अष्टकोन, मग गोल, गोलावर कातल्यासारख्या कड्या आणि वर पोटाशी पाय घेऊन भार पेलणारे ठेंगणे यक्ष. ही घडण बाराव्या-तेराव्या शतकाची. त्या काळात हा मुलूख आधी कोल्हापूरच्या शिलाहारांकडे होता. चंदन-वंदन, वैराटगड, पांडवगड हे आपल्या नजरेतले किल्ले परंपरेने त्यांच्याच दुसऱ्या भोज राजाच्या नावावर सांगितले जातात. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देवगिरीच्या दुसऱ्या सिंघण यादवाने या भोजाचा पाडाव केला आणि मुलूख यादवांकडे गेला. मिरजेच्या पुढे, कृष्णाकाठच्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळावर या सिंघणाचा लेख आहे. तिथल्या स्वर्गमंडपात बारा खांबांवर दगडी कडे पेललेले आहे आणि मधले आभाळ उघडे आहे. समितीने एक गाडी करून सगळ्यांना तिथे न्यावे. भाड्याचे पैसे मी वेगळे देते. चुना न लावता रचलेला दगड आठशे वर्षे कसा उभा राहतो, हे त्या कड्याखाली उभे राहिल्यावर जितके कळते, तितके माझ्या पत्राने कळणार नाही.

आपले देऊळ खिद्रापूरइतके नक्षीदार नाही, हे मला मान्य आहे. कर्नाटकात होयसळ राजांना मऊ दगड मिळाला, त्यात त्यांनी दागिन्याची कडीन्‌कडी कोरली. आपला दगड लाव्ह्याचा, टाकी बोथट करणारा. आपल्या पाथरवटाने म्हणून रेघेवर आणि मापावर भर दिला. पण एक जागा तुम्हांला दाखवायची आहे. दक्षिणेकडचा शेवटचा खांब, भिंतीकडची बाजू. तिथे कुणी जात नाही, जुन्या सतरंज्या ठेवलेल्या असतात. गेल्या महाशिवरात्रीला त्या उचलून मी मोबाइलचा उजेड तिरका धरला. एक कीर्तिमुख, म्हणजे डोळे वटारलेले राक्षसी तोंड, कोरायला घेतलेले आहे. उजवा डोळा पुरा झालेला, बाहुलीसकट बाहेर आलेला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसते एक वर्तुळ आखलेले, नखाने ओढावे इतके बारीक, मध्ये कंपासाच्या टोकाचा ठिपका. जबड्यावर टाकीचे घाव तिरपे, सगळे एकाच दिशेचे. तो माणूस इथे थांबला. पैसे संपले असतील, लढाई आली असेल किंवा भिंतीकडची बाजू कोण बघतो म्हणून मुकादमाने त्याला दुसऱ्या खांबाला लावले असेल. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी होते.

अंदाजपत्रकातला पहिला मुद्दा 'सँड ब्लास्टिंग करून दगड स्वच्छ करणे व पॉलिश मारणे' हा आहे. वाळूचा तो मारा सगळ्यात आधी हे वर्तुळ खाईल. मग टाकीचे घाव जातील. दगड चकचकीत होईल, फोटो छान येतील आणि आठशे वर्षांपूर्वी इथे बसलेल्या माणसाच्या हाताची एवढी एकच खूण पाच मिनिटांत पुसली जाईल. धूर आणि तेलाची पुटे काढायची असतील तर पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ पुरतो. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको. ऑइलपेंट तर मुळीच नको. तो दगडाची तोंडे बंद करतो, आतली ओल आतच राहते आणि पोपडे सुटताना सोबत दगडाची साल घेऊन येतात. नंदीच्या पाठीवर ते झालेलेच आहे, हात फिरवून बघा. शेंदराबद्दल मी बोलत नाही. शेंदूर हा पूजेचा भाग आहे, तो गुरवकाका आणि देव यांच्यातला विषय.

ओलीवरून गाभाऱ्याचे सांगते, कारण तिथे आपण एक चूक आधीच करून बसलो आहोत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गाभाऱ्यात फरशा बसवल्या. तेव्हा मीही दोन हजार दिले होते आणि कौतुक केले होते, तेव्हा दोष माझाही. जुनी जमीन न काढता वर चार इंच बांधकामाचा माल ओतला गेला. पिंडीच्या उत्तरेकडून जाणारी पन्हळ त्याखाली गेली. पूर्वी अभिषेकाचे पाणी त्या पन्हळीतून भिंतीच्या आरपार गोमुखातून बाहेर पडायचे आणि खाली हळदीच्या वाफ्यात जायचे. महादेवाची प्रदक्षिणा आपण अर्धी घालतो, गोमुखापर्यंत जाऊन परत फिरतो, ती ते पाणी ओलांडायचे नाही म्हणून. माझ्या भाचीने मला विचारले, 'आत्या, इथून मागे का फिरायचं? इथे तर काहीच नाही.' गोमुख कोरडे आहे, तिला काय दिसणार? पाणी आता फरशीखाली मुरते आणि भिंतीला चढते. गाभाऱ्याच्या आतून कमरेइतक्या उंचीवर पांढरी पावडर सुटते, तो लोणा. गुरवकाकू रोज तो झाडतात. आता त्याच भिंतीला ग्रॅनाइटच्या लाद्या लावायचे ठरले आहे. लोणा दिसणार नाही एवढेच होईल, भिंत आतल्या आत कुजत राहील. तात्या, तुमच्या हाताखालची चार पोरे आणि एक पाथरवट लावा, फरशा अलगद काढा आणि पन्हळ मोकळी करा. समितीने पहिले काम हे धरले तर जीर्णोद्धार तिथेच सुरू झाला, असे मी समजेन.

शिखराचा प्रश्न खरोखर अवघड आहे. आबा मागे फोनवर म्हणाले होते की पूर्वजांनीही देवळात बदल केलेच की, मग आपण का करू नयेत? प्रश्न रास्त आहे. खालचा भाग दगडी, यादवकाळच्या धाटणीचा. वरचे शिखर विटा-चुन्याचे, कोनाड्यांत चुन्याच्या मूर्ती बसवलेले, ते मराठेशाहीतले. दीपमाळही त्याच काळातली. मूळ दगडी शिखर कधीतरी गेले आणि पाच-सहाशे वर्षांनी कुणीतरी नवे केले. ६७ साली त्याच्या विटा पडल्या, त्या गावाने पुन्हा लावल्या. मग आपला हक्क कुठे कमी पडतो?

हक्क आहेच. फरक मालाचा आहे. वीट आणि चुना दगडापेक्षा हलका, मऊ आणि ओल सोडणारा. हलले तर आधी चुना भेगाळतो, खालच्या दगडाला इजा होत नाही. अंदाजपत्रकात मात्र सभामंडपावर सहा इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर एकेचाळीस फुटी शिखर आहे. आपला मंडप वीस बाय वीस फुटांचा. काँक्रीटचे वजन घनमीटरला अडीच टन धरतात. म्हणजे नुसता स्लॅब जवळजवळ चौदा टनांचा, शिखराचे वजन वेगळेच. हे सगळे ज्या तुळयांवर येणार, त्यांतली एक बोटभर सरकून खांबाच्या कडेला टेकलेली आहे. मी साइटवर असते तर या नकाशावर सही केली नसती, आणि कुणाला करूही दिली नसती.

पाणी गळते, हे खरे. पावसाळ्यात पारायणाला बसलेल्या बायकांच्या अंगावर ठिपके पडतात, मीही त्यांत बसले आहे. गळतीचे कारण शिखराच्या बगलेतला पिंपळ आहे. तो उपटू नका, मुळे दगडांना धरून आहेत आणि उपटताना दगड सोबत येतील. फांद्या छाटायच्या, खोड कापायचे, मुळे जागच्या जागी मारून वाळू द्यायची, मग सैल विटा उतरवून चुन्यात पुन्हा लावायच्या. छतावरचा फुटलेला चुन्याचा थरही चुन्यानेच करायचा. चुनकळी विरवून मुरत ठेवायची, चुन्याच्या घाण्यात मळायची, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी. हिरडा आपल्या जावळी-महाबळेश्वरच्या रानातला, बेल देवळाच्या दारात. चुना मळणारी माणसे अजून आहेत, शोधली तर सापडतात. काम हळू होईल. एका उन्हाळ्यात कळस चढणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बसायला जागा हवी, लग्ने लावायला मंडप हवा, ही गरजही खोटी नाही. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, दगडांना न टेकता, स्वतःच्या पायावर उभी राहणारी पत्र्याची चांगली शेड बांधा. तिथे सिमेंट वापरा, पंखे लावा, स्टीलची रेलिंग लावा. त्याचा नकाशा मी फुकट काढून देते. मात्र पाया खणताना जोत्यापासून लांब राहा.

आणि आवारातले दगड. 'आवारातील निरुपयोगी दगड हलवून पेव्हर ब्लॉक बसवणे' असे वाक्य आहे. ते निरुपयोगी दगड म्हणजे आपले सात वीरगळ, लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा. त्यांतला एक नळाच्या कट्ट्याला लावलेला आहे, त्यावर आम्ही दोन पिढ्या धुणे आपटले. तो पालथा आहे म्हणून वाचला. पिंपळाखालचा मोठा नीट बघा. तळाच्या चौकटीत गायी, तिघी एकीमागे एक, आणि त्यांच्या पायाशी आडवा पडलेला माणूस. वरच्या चौकटीत तोच माणूस ढाल-तलवार घेऊन लढतो आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून नेताहेत. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. या गावची गुरे कुणी हाकून नेत होते आणि हा आडवा गेला. त्याच्या शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा आहे, ती सतीची. ती कुणाची तरी लेक होती, या गावात नांदायला आलेली. वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या आवारातले वीरगळ बघायला लांबून माणसे येतात. आपले आपण ट्रॅक्टरमध्ये भरून ओढ्यात टाकणार का? शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिळा १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हेही समितीने लक्षात घ्यावे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आपले देऊळ केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित नाही आणि राज्याच्या १९६० च्या कायद्याखालीही नाही. म्हणून अण्णा म्हणतात, परवानगी लागत नाही, काम सुरू करू. मला याचीच भीती वाटते. संरक्षित देवळाच्या बाबतीत चुकीचे काम थांबवायला कुणीतरी असते. इथे थांबवणारे फक्त आपणच. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला ग्रामसभेचा ठराव करून एक अर्ज पाठवा आणि त्यांचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत टाकी लावू नका. ठेकेदाराला दिलेला विसार बुडेल म्हणून काळजी असेल, तर त्यातला माझ्या वाट्याचा भाग मी सोसते.

माझे पाच हजार पन्हळ मोकळी करायला आणि चुन्याला लावा, ग्राउटिंगला लावू नका. फलकावर नाव नको.

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येते आहे. सोबत टेप, ओळंबा आणि काचेच्या चार पट्ट्या आणते. फटीच्या दोन्ही काठांना चुन्याच्या ठिपक्यांवर पट्टी चिकटवायची आणि खाली तारीख लिहायची. तुळई अजून सरकत असेल तर काच तडकेल, नसेल तर तशीच राहील. एक पावसाळा जाऊ द्या, मग पट्टी बघून बोलू. मंडपाची किल्ली गुरवकाकांकडे ठेवावी आणि दहा फुटी शिडी लागेल, ती दादाने शाळेतून मागून आणावी. सतरंज्या मी उचलते.

आपल्या गावची लेक